अलीकडे आठ, पलीकडे सात

१

दर सोमवारी ऊन चढायच्या आत एवारिस्तो दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं बदलून आणायचा. खरं तर हे त्याचं काम नव्हे. त्याचं काम गुरांचं. ॲरिझोनाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून चार मैलांवर ते कुरण होतं. मालक लांब शहरात राहायचा, आणि कुरणावर एवारिस्तो आणि त्याची बायको चोना अशी दोघंच. दोन वर्षांपूर्वी टेसा नावाची एक मुलगी विद्यापीठातून आली आणि रानातली जनावरं बघायची म्हणून झाडांना कॅमेरे बांधून गेली. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो घेई. कार्ड बदलायचं आणि जनावरांचे फोटो तिला पाठवायचे, एवढं तिने म्हाताऱ्याला शिकवलं होतं.

एक कॅमेरा घळीच्या तोंडाशी होता. घळ म्हणजे कोरडा ओढा. खाली वाळू, दोन्ही बाजूंना उभा कातळ. अडीच-तीन मैल वळणं घेत ती खाली उतरते आणि पवनचक्कीच्या हौदापाशी मोकळी होते. दुसरा कॅमेरा त्या हौदावर होता. मध्ये कुठेही वर चढायला वाट नाही. घळीत शिरलेलं जनावर एक तर हौदावर निघणार, नाहीतर आल्या वाटेने मागे जाणार.

जनावरांसारखी माणसंही यायची. सरहद्द ओलांडून आलेली, पाठीवर बोचकं, हातात पाण्याचा काळा कॅन. वाळूत पाऊल उठू नये म्हणून पायांना गालिच्याचे तुकडे बांधलेले. हौदाशेजारी चोनाने त्यांच्यासाठी पिण्याच्या पाण्याचं निळं पिंप ठेवलं होतं आणि झाकणावर आपला फोन नंबर रंगवला होता. कोण, कुठला, हे विचारायचं नाही अशी दोघांची रीत. "माणसांचे फोटो तुम्ही पुसून टाका," असं टेसा म्हणाली होती, पण पुसायला एवारिस्तोचा हात होत नसे.

फोटो बघायला दोघं स्वयंपाकघरात बसायची. कॉफी, रात्रीची उरलेली घेवड्याची उसळ, गव्हाची पातळ पोळी. एवारिस्तो मोजायचा, चोना बघायची. फाटकातून गुरं मोजण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. मोजताना जनावराकडे बघायचं नाही, फाटकाच्या फटीकडे बघायचं. फटीतून गेलं ते एक. वीस झाली की उजव्या खिशातला एक खडा डाव्या खिशात. त्याची मोजणी चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. चोनाचं उलट. वीसच्या पुढे मोजायचा तिला कंटाळा, पण एकदा बघितलेला चेहरा ती विसरत नसे, मग तो माणसाचा असो की वासराचा.

एप्रिलमधल्या एका सोमवारी फोटोंत आधी रानडुकरीण दिसली. घळीच्या तोंडाशी मागे पाच पिल्लं, हौदावर चार.

"पुमाने नेलं असेल एक," चोना म्हणाली. "बिचारं."

मग माणसं. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी घळीत शिरली. आठ. साडेआठला हौदावर पाणी पीत होती. सात.

एवारिस्तोने पुन्हा मोजलं. कॉफीचा कप बाजूला सारून तिसऱ्यांदा मोजलं.

"म्हातारे, घळीत कोणीतरी राहिलंय."

२

दुसऱ्या दिवशी टेसा आली. बरोबर गावातल्या चर्चची तीन माणसं होती. उन्हात चुकलेल्यांना शोधायला ही मंडळी नेहमी जात. एवारिस्तो धरून पाच जण घळीच्या तोंडातून आत शिरले. कातळाच्या फटी बघितल्या, झुडपं काठीने हलवली, हाका मारल्या. घळीत हाक मारली की ती लगेच परत येत नसे. माणूस विसरून चार पावलं पुढे गेला की मग यायची. वाटेत एके ठिकाणी कातळ इतका जवळ येतो की अंग चोरून एकेकानेच पलीकडे जावं लागतं. तिथूनही गेले. कोणी सापडलं नाही. वर घिरट्या घालणारी गिधाडं नव्हती, वास नव्हता.

संध्याकाळी टेसा आणि चर्चची दोघं कुरणावरच जेवली. दमलेली होती. ती गेल्यावर चोना भांडी घासायला उभी राहिली आणि तशीच थांबली.

"कोण जेवलं नाही रे?"

"सगळी जेवली. त्या लांब माणसाने तीनदा वाढून घेतलं."

"मग हे ताट कोरडं कसं?"

एवारिस्तो उठून आला. पाच उष्टी ताटं घमेल्यात होती. सहावं टेबलावर, चमचा बाजूला, कागदी रुमाल दुमडलेला.

"तू एक जास्त मांडलंस."

"मी मोजून नाही मांडत. सकाळी खिडकीतून तुम्हाला जाताना बघितलं, तेव्हाच मांडून ठेवली. एकेक तोंड बघून एकेक ताट."

"मग हे कोणाचं तोंड?"

चोनाने ताट हातात घेतलं. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू आत काही लिहिलं होतं.

"म्हातारी झाले मी," ती म्हणाली आणि तिने कोरडंच ताट घासून टाकलं.

पुढच्या सोमवारी कार्डावर शोधाचे फोटोही आले. घळीच्या तोंडाशी पाच. हौदावर चार. एवारिस्तोने ते चोनाला दाखवले नाहीत. आपणच कोणाच्या तरी आड चाललो असू, असं स्वतःला सांगून त्याने ते झाकलं. पण हौदावरच्या फोटोत तो सगळ्यांत पुढे होता, टोपी काढून डोक्यावर पाणी घेत होता.

३

मे महिन्यात फोन आला. चोनाने उचलला, एवारिस्तोचं नाव सांगितलं आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडच्याने वडीलधाऱ्याला म्हणतात तसं आदराने 'डॉन' म्हटलं.

"डॉन एवारिस्तो का? मी निकानोर. एप्रिलमध्ये तुमच्या पिंपातलं पाणी प्यालो आम्ही. आभार मानायचे राहिले होते."

"आभार कसले. पाणी देवाचं. सगळे पोचलात ना?"

"सगळे पोचलो. सातही जण."

एवारिस्तो खुर्चीवर टेकला. "तुम्ही आठ होतात."

"नाही, डॉन. सात."

"वाटाड्या धरून?"

"धरूनच. निघालो तेव्हाही सात होतो. मीच सगळ्यांच्या पोळ्या बांधल्या होत्या, मला ठाऊक." जरा थांबून तो म्हणाला, "एक विचारू? माझ्या बोचक्यात बुटांचा एक जोड निघाला. इतकासा, पाच-सहा वर्षांच्या पोराचा. आमच्यात लहान कोणीच नव्हतं. तुमच्या हौदाजवळ कोणाचा राहिला होता आणि मी चुकून उचलला, असं काही?"

"आमच्याकडे पोर नाही," एवारिस्तो म्हणाला.

"मग असू दे. टाकवत नाहीत. तसेच ठेवलेत."

फोन ठेवल्यावर दोघांनी ते दोन फोटो पुन्हा काढले. चोनाने चष्मा पुसला आणि एकेका माणसावर बोट ठेवलं. हा लाल टोपीचा, हौदावर आहे. हा मिशीवाला, आहे. हा हाताला फडकं बांधलेला, हा बघ पाणी पितोय. एकेक करून तिने सगळ्यांची जोडी लावली.

"झालं. सगळी आहेत. एकही कमी नाही."

"किती झाली?"

"मोजली नाहीत. बघितली."

एवारिस्तोने मोजली. इथे आठ, तिथे सात. मग त्याने स्वतः बोट ठेवून बघितलं. प्रत्येक जण सापडला. शेवटच्यावरून बोट उचललं आणि पुन्हा मोजली. आठ आणि सात. गुरं असती तर फाटक लावून पुन्हा सोडली असती.

रानात मेलेल्या अनोळखी माणसांसाठी चोना खिडकीत मेणबत्ती लावायची. त्या दिवशी ती काडेपेटी हातात घेऊन उभी राहिली.

"सगळे पोचले म्हणतोय. मग मी लावू कोणासाठी?"

"लाव तू," एवारिस्तो म्हणाला. "कोणाच्या तरी कामी येईल."

४

त्यानंतर जुनी कार्डं काढून बघण्याचा त्याला नादच लागला. टेबलावर घेवड्याचे दाणे मांडायचा. घळीत शिरले तितके दाणे एका ओळीत, हौदावर निघाले तितके दुसऱ्या ओळीत. हरणं चार, मग तीन. गेल्या थंडीतली माणसं अकरा, मग दहा. गाय आणि वासरू, मग एकटी गाय. आणि ती गाय शांतपणे पाणी पिताना दिसे, वासरासाठी हंबरताना नाही, मागे वळून बघतानाही नाही. गाय अशी असते का? चाळीस वर्षांत त्याने अशी गाय बघितली नव्हती.

"अजून दाणे मांडलेस तर आज जेवायला दाणेच मिळतील," चोना म्हणायची.

एका जुन्या कार्डावर, डिसेंबरातल्या, घळीच्या तोंडाशी वाघ होता. ठिपक्यांचा, सोनेरी, खांद्यात बैलासारखा. शहरातली माणसं त्याला जग्वार म्हणतात. कुरणावर त्याला वाघच म्हणत, आणि वीस वर्षांत तो कोणी बघितला नव्हता. एकटा घळीत शिरला होता. हौदावर काहीच नव्हतं. घळीत एकट्याने शिरलेल्या जनावराचा हौदावर एकही फोटो नव्हता, हेही मग त्याच्या लक्षात आलं.

त्याने टेसाला फोन केला. पलीकडे ती जवळजवळ रडली.

"डॉन एवारिस्तो, हा फोटो तुमच्याकडे डिसेंबरपासून आहे आणि तुम्ही मला आत्ता सांगता? यासाठीच तर मी कॅमेरे लावलेत हो."

"माझ्या ध्यानातच नव्हतं, पोरी. आज पहिल्यांदा बघतोय असं वाटलं."

दोन दिवसांनी ती स्वतः आली. चेहरा उतरलेला होता. कॉफी घेतली पण प्यायली नाही.

"माझ्या ऑफिसात टेबलासमोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे," ती म्हणाली. "रोज तिथेच बसते मी. तुम्ही पाठवलेला वाघ बघितला आणि मान वर केली, तर तोच फोटो. चौकट केलेला. खाली तारीख, डिसेंबरची. अक्षर माझं."

"मग?"

"मला तो लावल्याचं आठवत नाही. कोणालाच आठवत नाही. आम्ही सगळे त्याच्या खाली बसून जेवतो."

पवनचक्कीचं पातं करकरत होतं. जाताना टेसाने घळीच्या तोंडाशी नवा कॅमेरा बांधला. त्याचा फोटो काढल्या काढल्या फोनवर यायचा. फोन चोनाचा, म्हणून तिच्या फोनवर.

५

जुलैत, एका गुरुवारी, सकाळचे अकरा वाजायच्या सुमाराला तो फोन टेबलावर थरथरला. चोना कणीक तिंबत होती. एवारिस्तोने बघितलं.

एक बाई घळीत शिरत होती. निळा सदरा, डोकं उघडं, हातात काही नाही. पाण्याचा कॅन नाही. तिच्या मागे कोणी नाही. एवारिस्तोने दहा मिनिटं वाट बघितली. दुसरा फोटो आला नाही.

"एकटी आहे," तो म्हणाला.

बाहेर पत्र्याला हात लाववत नव्हता इतकं ऊन होतं. टेसाला फोन केला. ती म्हणाली, चर्चची माणसं पाठवते, पण पोचायला चार वाजतील.

"चारपर्यंत ती राहायची नाही," चोनाने हात धुतले. "पाणी भर."

"तू हौदावर जाऊन थांब. मी मागून घळीत शिरतो. मागावर जायचं तर मागूनच गेलं पाहिजे."

चोना बूट चढवत होती. मान वर न करता म्हणाली, "तू गेलास की दोघं होणार. मग तुझ्या दाण्यांच्या हिशेबाने बाहेर किती?"

त्याने पाण्याचा कॅन भरायला घेतला.

"एक. आणि तो एक म्हणजे ती बाई असावी म्हणून तू चाललायस. मला कळत नाही का? बत्तीस वर्षं झाली तुझ्याबरोबर."

"चोना, मला काहीच कळत नाही तिथे काय होतं ते. कदाचित काही होतही नसेल. फोटोच चुकत असतील."

"मग मी आले तर काय बिघडलं?"

"आणि चुकत नसतील तर?"

"तर आपण तिघं असू आणि दोघं बाहेर येतील. एकापेक्षा दोन बरे." तिने नाडी ओढून गाठ मारली. "आता बाई उन्हात आहे. गाडीत बस आणि तुझं गणित तिथे कर."

त्याने गुरं धरायचा लांब दोर गाडीत टाकला. का, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

६

घळीच्या तोंडाशी त्याने दोराचं एक टोक आपल्या कमरेला बांधलं आणि दुसरं तिच्या.

"लग्नात पाद्र्याने दोघांच्या गळ्यात दोर टाकला होता, तो रेशमाचा होता," चोना म्हणाली. "बत्तीस वर्षांनी आता हा गुरांचा. प्रगती आहे तुझी." आणि तो हसला. नको नको म्हणताना हसला, पोट धरून. झाडावर कॅमेऱ्याचा बारीक लाल दिवा लागला आणि विझला.

बाईच्या पावलांचा माग सोपा होता. तिने पायांना काही बांधलं नव्हतं. पावलं आधी सरळ, मग एकमेकांत अडकत जाणारी. दोन मैलांवर, कातळ पुढे आलेल्या ठिकाणी ती सावलीत पडलेली सापडली. ओठ फुटलेले होते, पण डोळे उघडे होते.

चोना वाळूत बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. झाकणाने एकेक घोट पाजला. आपला रुमाल भिजवून तिच्या डोक्याला बांधला.

"नाव सांग, बाळ. बाकी काही नको सांगूस."

"पेत्रोना."

"एकटीच?"

"वाटाड्या पुढे निघून गेला. मी बसले आणि..." तिला पुढे बोलवेना.

अर्ध्या तासाने ती उठून उभी राहिली. आलो तसंच मागे जावं का, असं चोनाने विचारलं. एवारिस्तोने पोरीकडे बघितलं, घळीच्या चढाकडे बघितलं. मागे दोन मैल चढ, पुढे अर्धा मैल उतार आणि पाणी. पेत्रोनाच्या पायांत दोन मैल नव्हते. "पुढे," तो म्हणाला.

दोर सोडून पुन्हा बांधला. पुढे तो, मध्ये पेत्रोना, मागे चोना. तिघांच्या कमरेला फास.

"मी बोलत राहते," चोना म्हणाली. "माझा आवाज थांबला की वळायचं. थांबायचा नाही म्हणा, तुला माहीत आहे."

आणि ती बोलत राहिली. छपराचा पत्रा उडेल एक दिवस, तू खिळे आणतो म्हणतोस. बहिणीला फोन करायचा राहिलाय. पेत्रोना, तुला उसळ चालेल ना, तिखट कमी घालते. एवारिस्तो पुढे बघत चालत होता आणि तो आवाज पाठीवर हात ठेवल्यासारखा येत होता.

कातळ जवळ आला. अंग चोरायची ती जागा. त्याने टोपी काढली आणि खांदा आत घातला. आत गार होतं. आणि मध्ये पोचल्यावर त्याला एकदम वाटलं, आपण फाटकातून चाललोय. शेजारी कोणीतरी उभं आहे. ते आपल्याकडे बघत नाही, फटीकडे बघतंय. त्याने मान वळवली. हाताच्या उंचीवर कातळाला एक खोबण होती आणि तिच्यात खड्यांचा ढीग होता. गोल, सारख्या मापाचे, खूप. वरचा खडा अजून डुलत होता.

मागून आवाज येत होता, "आणि कोंबड्यांना सकाळी दाणे तू घातलेस का, का आपलं नेहमीसारखं मीच..."

तो पलीकडे निघाला. दोर ताणला, पेत्रोना आली, तोंडावर ऊन पडल्यावर डोळे मिटून उभी राहिली. घळ शांत होती. त्याने सवयीने मोजलं. एक, दोन. दोघंही बाहेर होती. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने छातीवर क्रूस काढला.

पेत्रोनाच्या मागे दोर बराच उरला होता. त्याने तो ओढून घेतला. हलका आला. टोकाला एक मोकळा फास वाळूवर घासत होता. इतका लांब दोर कशाला आणला आणि तिसरा फास कशासाठी मारला, हे त्याला काही आठवेना. उन्हाने डोकं चालत नाही. त्याने दोर गुंडाळून खांद्यावर टाकला आणि पोरीला हाताला धरून हौदाकडे नेलं.

७

घरी येऊन त्याने तिला पलंगावर निजवलं आणि पाण्यात मीठ-साखर घालून द्यायला गेला. मीठ सापडेना. त्याने सगळे डबे उघडून बघितले. इतकी वर्षं या स्वयंपाकघरात काढली आणि मीठ कुठे असतं ते आपल्याला माहीत नाही, याचं त्याला हसू आलं, आणि मग बरं वाटेना. परातीत अर्धी तिंबलेली कणीक होती. वर सुकून तडे गेले होते. सकाळी आपण कणीक तिंबत होतो तर. त्याने बोटांकडे बघितलं. नखांत कणीक नव्हती.

चारच्या सुमाराला चर्चची माणसं आली, पेत्रोनाची नाडी बघितली, दोन दिवस इथेच राहू दे म्हणाली. "तुम्ही एकट्याने तिला बाहेर काढलंत," त्यांच्यातला लांब माणूस म्हणाला. "या वयात. कमाल आहे तुमची." एवारिस्तोने मान डोलावली.

उन्हं कलल्यावर पोरगी टेबलाशी येऊन बसली. त्याने अंडी केली होती, एका बाजूने करपलेली. ती भुकेने खात होती.

"तुम्ही एकटेच राहता, डॉन?"

"हो. पहिल्यापासून."

"छान ठेवलंय घर." ती खिडकीतल्या पडद्यांकडे बघत होती. पडद्यांवर हाताने भरलेले पक्षी होते. एवारिस्तोनेही बघितलं.

"मला वाटलं होतं, मी चालू शकणार नाही," ती म्हणाली. "पण मागून कोणीतरी सारखं बोलत होतं. घरातल्या गोष्टी. त्या ऐकत ऐकत पाय पडत गेले."

"मीच बोलत असेन."

"तुम्ही पुढे होतात."

तिने डोक्याचा रुमाल सोडून टेबलावर ठेवला. दोघंही त्या रुमालाकडे बघत बसली. कोणाचा, हे कोणीच विचारलं नाही.

टेबलावरचा फोन थरथरला. घळीकडची रेंज कधी कधी जायची, मग अडकलेले फोटो असे उशिरा येत. फोनला फुलाफुलांचं कव्हर होतं. एवारिस्तोने चष्मा लावला.

वेळ सकाळी पावणेबाराची होती. घळीचं तोंड. दोन माणसं, कमरेला दोर बांधलेली. त्याने मोजलं. दोन. बरोबर आहे.

"ही बघ तू," तो म्हणाला.

पेत्रोना वाकली. "ही मी नाही. मी तर आधीच आत होते. आणि ही म्हातारी आहे."

एवारिस्तोने फोन डोळ्यांजवळ नेला. गवती टोपी घातलेली एक बुटकी बाई होती. एक हात कमरेवर, दुसरा हवेत, तोंड उघडं. काहीतरी बोलत होती. दोराच्या दुसऱ्या टोकाला तो स्वतः होता आणि हसत होता. वाकून, पोट धरून, डोळे गच्च मिटून. असं हसताना त्याने स्वतःला कधी बघितलं नव्हतं.

"कोण आहे ही?" पेत्रोनाने विचारलं.

"माहीत नाही."

अंडी गार झाली. पोरगी पलंगावर जाऊन झोपली. एवारिस्तो तिथेच बसून होता. बाईचा चेहरा त्याला काही केल्या ओळखीचा वाटेना, आणि फोन खाली ठेववेना. एवढं हसण्यासारखं ती काय बोलली असेल, ते तो आठवून बघत होता.